पाण्याकाठचे थोटूक

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास मनाई करणारा देशव्यापी कायदा भारतात २००३ साली झाला आणि त्याखालचे सविस्तर नियम २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आले. तरीही कोल्हापुरात रंकाळ्याच्या चौपाटीवर किंवा पंचगंगेच्या घाटावर सिगारेट ओढत उभ्या असलेल्या माणसाला कोणत्या कलमाच्या आधारे हटकावे, याचे सरळ उत्तर त्या कायद्यात सापडत नाही. कायद्याची सारी रचना माणसाच्या श्वासाभोवती झालेली आहे. बंद जागेत एकाने सोडलेला धूर शेजारी बसलेल्या दुसऱ्याच्या छातीत जातो आणि त्याचा अपराध नसताना त्याला आजारी पाडतो, हे त्या रचनेचे मूळ सूत्र असल्यामुळे, उघड्या हवेत धूर विरून गेला की कायद्याची काळजीही तेथेच संपते. सिगारेट विझल्यानंतर हातात उरणाऱ्या थोटकाचे काय होते, ते कोठे पडते, पावसाच्या पाण्याबरोबर कोठे जाते आणि तेथे काय करते, हा प्रश्न त्या कायद्यापुढे कधी आलाच नाही. जगातील अनेक किनारी शहरांनी आणि देशांनी गेल्या दोन दशकांत समुद्रकिनाऱ्यावर धूम्रपानबंदी केली, ती प्रामुख्याने या थोटकामुळे. कोल्हापूरला समुद्र नाही. पण नदी, घाट आणि तळी यांच्याशी या शहराचे जे नाते आहे, ते पाहता हा प्रश्न किनारपट्टीइतकाच या शहराचाही आहे.

अंबाबाईच्या देवळापासून पश्चिमेला चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या रंकाळ्याविषयी अशी परंपरागत समजूत आहे की, तेथे पूर्वी दगडाची खाण होती आणि आठव्या-नवव्या शतकात झालेल्या भूकंपानंतर तिच्यात पाणी भरून हा तलाव झाला. पाण्यात उभा असलेला संध्यामठ, काठावरचा १९३० च्या दशकात बांधलेला शालिनी पॅलेस, पहाटे फिरायला येणारी वयस्क मंडळी आणि संध्याकाळी भेळ, कणीस, आइस्क्रीम यांच्या गाड्यांभोवती जमणारी कुटुंबे, यांमुळे या काठाला लोकांनीच ‘चौपाटी’ हे नाव दिले आणि ते सार्थही केले. मुंबईकराच्या आयुष्यात गिरगाव किंवा जुहू यांचे जे स्थान, तेच कोल्हापूरकराच्या आयुष्यात रंकाळ्याचे. अशा ठिकाणी पानटपरी असते, टपरीवर सुटी सिगारेट मिळते, ती पाण्याकडे तोंड करून ओढली जाते आणि शेवटचा झुरका झाला की थोटूक कठड्यापलीकडे टिचकीने उडवले जाते. ही कृती इतकी सवयीची झाली आहे की, ती करणाऱ्याला आपण पाण्यात काही टाकले असे वाटत नाही, आणि पाहणाऱ्यालाही त्यात काही वावगे दिसत नाही.

यामागे एक मोठा गैरसमज आहे. सिगारेटच्या टोकाला असलेला पांढरा, मऊ फिल्टर कापसाचा आहे असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तो सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या पदार्थाचा असतो. झाडांच्या लगद्यातील सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून हा पदार्थ तयार करतात आणि प्रक्रियेनंतर त्याचे गुणधर्म नैसर्गिक तंतूचे न राहता प्लॅस्टिकचे होतात. एका फिल्टरमध्ये असे हजारो अतिसूक्ष्म तंतू दाटीने बसवलेले असतात. कागद भिजून विरघळतो, उरलेला तंबाखू कुजतो, पण हे तंतू कुजवण्याचे काम जमिनीतील आणि पाण्यातील सूक्ष्मजीवांना सहज जमत नाही. उन्हाने आणि घर्षणाने ते तुटत जातात, म्हणजे दिसेनासे होतात, नाहीसे होत नाहीत. सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणून ते गाळात आणि जलचरांच्या पोटात राहतात. थोटकाचा आकार मोडायला परिस्थितीनुसार काही महिन्यांपासून अनेक वर्षांपर्यंतचा काळ लागतो.

प्लॅस्टिकची ही कथा अर्धीच आहे, कारण वापरलेला फिल्टर रिकामा नसतो. धुरातील डांबरासारखा चिकट अंश, निकोटिन, शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांसारखी द्रव्ये त्यात आणि त्याला चिकटलेल्या तंबाखूत साठलेली असतात. त्यांपैकी निकोटिन पाण्यात अतिशय लवकर विरघळते. बर्लिनमधील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, थोटकातून पाण्यात उतरणाऱ्या निकोटिनपैकी निम्मा भाग पहिल्या अर्ध्या तासाच्या आतच बाहेर पडतो, आणि एका थोटकातले निकोटिन एक हजार लिटर पाण्यात जलचरांसाठी सुरक्षित मानलेली मर्यादा ओलांडायला पुरेसे ठरू शकते. त्याआधी, २०११ साली, अमेरिकेतील सॅन दिएगो येथील संशोधकांनी एक लिटर पाण्यात एक वापरलेले थोटूक या प्रमाणात द्रावण केले, तेव्हा त्यात ठेवलेल्या माशांपैकी निम्मे मासे मेले. या प्रयोगातले प्रमाण तलावात क्वचितच येईल, हे खरे आहे. परंतु काठालगतचे उथळ, साचलेले पाणी, जेथे मासे अंडी घालतात आणि पिल्ले वाढतात, तेथेच थोटके सर्वाधिक पडतात, हेही तितकेच खरे आहे.

निकोटिनचा हा गुण कोल्हापूर, कागल, चिकोडी भागातील शेतकऱ्याला प्रयोगशाळेने शिकवायची गरज नाही. पिकावर मावा पडला की तंबाखूची पाने किंवा देठ भिजत घालून त्याचा काढा फवारण्याची रीत जुनी आहे. रासायनिक कीटकनाशके येण्यापूर्वी निकोटिन सल्फेट हे जगभर वापरले जाणारे कीटकनाशक होते. तंबाखूचे झाड हे द्रव्य तयार करते तेच मुळी स्वतःला किडींपासून वाचवण्यासाठी. म्हणजे ज्या काढ्याने पानावरची कीड मरते, तोच काढा, कमी तीव्रतेचा पण रोजच्या रोज, तलावाच्या काठाला मिसळत असतो, आणि पाण्यातले किडे, शिंपले, माशांची पिल्ले यांना त्यापासून पळून जायला जागा नसते.

मग हा विषय कायद्यातून निसटला कसा, हे पाहण्यासारखे आहे. केरळ उच्च न्यायालयाने जुलै १९९९ मध्ये सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान हे इतरांच्या जीविताच्या हक्कावर, म्हणजे राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदावर, आक्रमण आहे असा निर्णय दिला. पुढे मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक कार्यालये, प्रेक्षागृहे आणि सार्वजनिक वाहने यांत धूम्रपानाला मनाई केली. निष्क्रिय धूम्रपान, म्हणजे दुसऱ्याचा धूर नाइलाजाने श्वासात घेणे, हाच या निर्णयांचा पाया होता, आणि तो योग्यच होता. २००३ च्या कायद्याने हेच सूत्र उचलले; सार्वजनिक ठिकाणाची व्याख्या करताना लोकांचा वावर असलेल्या जागांची यादी दिली आणि शेवटी उघडी जागा त्यातून वगळली. २००८ च्या नियमांनी हे वगळणे थोडे आवरले: खुले प्रेक्षागृह, क्रीडांगण, रेल्वे स्थानक, बसथांबा ‘आणि तत्सम इतर ठिकाणे’ ही उघडी असली तरी बंदीखाली येतील, असे त्यांत म्हटले आहे. चौपाटी ही तत्सम जागा आहे की नाही, हे कोणी ठामपणे सांगत नाही. व्यवहारात रस्ते, बागा आणि पाण्याचे काठ बंदीबाहेरच मानले जातात. जेथे बंदी निर्विवाद लागू आहे, तेथेही दंडाची मर्यादा दोनशे रुपये आहे.

महाराष्ट्राशेजारच्या गोव्याने देशव्यापी कायद्याच्याही आधी, १९९७ साली, धूम्रपान आणि थुंकणे या दोहोंना एकत्र मनाई करणारा स्वतःचा कायदा केला होता. पुढे २०१९ मध्ये पर्यटनस्थळांच्या संरक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती करून किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणे आणि स्वयंपाक करणे यांवर जबर दंड बसवला. किनारा ही केवळ मोकळी जागा नसून तिचे स्वतःचे रक्षण व्हायला हवे, ही कल्पना त्या दुरुस्तीत स्पष्ट दिसते. जगात ही कल्पना थेट धूम्रपानापर्यंत पोहोचली आहे. कॅलिफोर्नियातील सोलाना बीच या लहान शहराने २००३ मध्ये किनाऱ्यावर सिगारेटबंदी केली, आणि २०२० पासून त्या राज्याच्या सर्व राज्य-उद्यानांत व त्यांच्या किनाऱ्यांवर ती लागू झाली. थायलंडने २०१७ च्या अखेरीस निवडक पर्यटनकिनाऱ्यांवर बंदी घातली आणि तुरुंगवासापर्यंतची शिक्षा ठेवली. बार्सिलोनाने २०२१ मध्ये काही किनाऱ्यांवर प्रयोग करून २०२२ च्या जुलैपासून शहराच्या सर्व किनाऱ्यांवर बंदी आणली. फ्रान्सने २०२५ च्या उन्हाळ्यात समुद्रकिनारे, बागा, बसथांबे आणि शाळांचे परिसर एकाच नियमाखाली घेतले व १३५ युरोंचा दंड ठरवला. या सर्व ठिकाणी मुलांच्या आरोग्याचा मुद्दा होताच. परंतु बहुतेक ठिकाणी बंदीला बळ मिळाले ते किनारा-स्वच्छतेत हाती आलेल्या कचऱ्याच्या मोजदादीमुळे. १९८६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय किनारा-स्वच्छता उपक्रमात स्वयंसेवक गोळा केलेली प्रत्येक वस्तू नोंदवतात. या नोंदींत सिगारेटचे थोटूक तीन दशकांहून अधिक काळ पहिल्या क्रमांकावर राहिले आणि २०१९ च्या मोहिमेत प्रथमच खाद्यपदार्थांच्या वेष्टनांनी त्याला मागे टाकले. जगात दरवर्षी सुमारे साडेचार लाख कोटी थोटके उघड्यावर टाकली जातात, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनाही देते.

या संघटनेने २०२२ च्या तंबाखूविरोधी दिनाला पर्यावरण हाच विषय घेतला आणि फिल्टरला एकदाच वापरायचे प्लॅस्टिक मानावे, अशी मागणी सरकारांपुढे ठेवली. भारतात नेमके त्याच वर्षी, १ जुलै २०२२ पासून, एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बंदी आली. कानकोरणीच्या काड्या, फुग्यांच्या काड्या, स्ट्रॉ, कप, चमचे, मिठाईच्या खोक्यांवरचे वेष्टन अशी ती यादी आहे, आणि सिगारेटच्या पाकिटावरचा पातळ प्लॅस्टिकचा कागदही तिच्यात आहे. म्हणजे पाकिटावरचे प्लॅस्टिक बंद झाले आणि पाकिटातल्या प्रत्येक सिगारेटीला चिकटवलेले, विषाने भिजून बाहेर पडणारे प्लॅस्टिक मात्र यादीबाहेर राहिले. राष्ट्रीय हरित लवादाने २०२० मध्ये थोटकांच्या विल्हेवाटीसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्यास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला सांगितले होते. पण विल्हेवाट हा शेवटचा टप्पा झाला. खरा प्रश्न फिल्टर हवाच कशाला, हा आहे.

त्याचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न अवाजवी वाटणार नाही. १९५० मध्ये ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांतील संशोधनांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिल्यावर ग्राहक घाबरला, आणि त्याला धीर देण्यासाठी कंपन्यांनी फिल्टरचा प्रचार सुरू केला. एका अमेरिकी सिगारेटच्या फिल्टरमध्ये तर १९५० च्या दशकात काही वर्षे ॲस्बेस्टॉस, म्हणजे स्वतःच कर्करोगकारक असलेले खनिज, वापरले जात होते. फिल्टरमुळे सिगारेट सुरक्षित होते, हे पुढे सिद्ध झाले नाही. उलट, अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालानुसार, सिगारेटच्या रचनेत झालेल्या बदलांमुळे फुप्फुसाच्या एका विशिष्ट कर्करोगाचा धोका वाढला आणि त्यात वायुछिद्रे असलेल्या फिल्टरचा वाटा असल्याचे संकेत आहेत. ओढणाऱ्याला ज्याचा उपयोग नाही आणि पाण्याला ज्याचा उपद्रव आहे, अशी ही वस्तू केवळ विक्रीच्या सोयीसाठी टिकून राहिली आहे.

कोल्हापुरात हा विषय मांडताना बिडीचा विचार टाळता येत नाही. शहराच्या दक्षिणेला, पुणे-बंगळूर महामार्गावर, बेळगाव जिल्ह्यातील मराठीभाषक निपाणी हे बिडीच्या तंबाखूचे मोठे केंद्र आहे. तेथील वखारींत राबणाऱ्या स्त्रियांचे आणि तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे लढे हा या भागाच्या सामाजिक इतिहासाचा भाग आहे. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग रोखून धरला आणि ६ एप्रिलला झालेल्या गोळीबारात अनेक शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्यामुळे तंबाखूवरच्या कोणत्याही निर्बंधाकडे येथे पोटापाण्याच्या नजरेने पाहिले जाणे स्वाभाविक आहे. परंतु पर्यावरणाच्या कसोटीवर बिडी आणि सिगारेट यांत एक महत्त्वाचा फरक आहे. बिडी म्हणजे टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेला, दोऱ्याने बांधलेला तंबाखू. तिला फिल्टर नसतो. तिचे थोटूकही निकोटिन सोडते आणि ती ओढणाऱ्याच्या शरीराला सिगारेटहून कमी घातक मुळीच नाही, पण पाण्यात पडल्यावर तिचे पान कुजून जाते. काठावरची बंदी दोहोंना सारखीच लागू व्हावी, कारण मुलांच्या नाकात जाणारा धूर दोहोंचाही असतो. फिल्टरच्या उत्पादनाविषयीचा निर्बंध मात्र मोठ्या सिगारेट कंपन्यांवर यावा, वखारीतल्या बाईच्या मजुरीवर नव्हे.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करतात, पण त्यांपैकी बहुसंख्य तो चघळणारे आहेत: धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू वापरणाऱ्यांचे २४.४ टक्के. याचा अर्थ असा की, काठावर केवळ धूम्रपानबंदी केली आणि पिचकाऱ्या व पुड्या तशाच राहिल्या, तर काम निम्मेही होणार नाही. गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे आणि तंबाखूजन्य पदार्थांना प्लॅस्टिकच्या पुडीत भरण्यास २०१६ च्या नियमांनी मनाई केली आहे. तरी पुड्यांचा कचरा कोठल्याही घाटाच्या पायरीवर दिसतो. म्हणून कोल्हापूरला फ्रान्सचा नियम उचलून चालणार नाही. गोव्याने १९९७ मध्ये धूर आणि थुंकी यांना एकाच कायद्यात बसवले, तो विचार येथे अधिक लागू पडतो.

रंकाळ्याच्या दुखण्याचे मुख्य कारण थोटूक नाही, हेही येथेच सांगणे आवश्यक आहे. नाल्यांवाटे वर्षानुवर्षे तलावात आलेल्या सांडपाण्यामुळे पाण्यात नत्र आणि स्फुरद वाढले, त्यावर जलपर्णी आणि हिरवे-निळे शेवाळ माजले आणि पाण्यातला प्राणवायू घटला. या प्रक्रियेला अतिपोषण म्हणतात. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळ्याचा समावेश झाला तो यासाठीच. पंचगंगेचे प्रदूषणही शहरांचे मैलापाणी आणि उद्योगांचे सांडपाणी यांतून आले आहे. सांडपाणी प्रक्रियेचे खर्चिक आणि कठीण काम बाजूला ठेवून चार फलक लावायचे आणि सामान्य माणसाकडून दंड वसूल करायचा, असे झाले तर ती फसवणूक ठरेल. तरीही एक फरक आहे: नाला वळवायला निधी, निविदा आणि वर्षे लागतात; थोटूक थांबवायला यांपैकी काहीच लागत नाही. शिवाय कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांची मिळून झालेली पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. कोल्हापूरकर सुटीत गगनबावड्याचा घाट उतरून मालवण-तारकर्लीला जातो तेव्हा तेथे टाकलेले थोटूक अरबी समुद्रात जाते. सह्याद्रीच्या या माथ्यावर राहणाऱ्या माणसाचा कचरा दोन्ही समुद्रांना पोहोचतो.

बंदीसाठी नवा मोठा कायदा हवाच, असे नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रस्त्यावर, मोकळ्या सार्वजनिक जागेत, गटारात किंवा जलाशयात कचरा टाकण्यास मनाई केली आणि जागेवर दंड करण्याची वाट स्थानिक संस्थांना मोकळी करून दिली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ खाली महानगरपालिकेला उपविधी, म्हणजे शहरापुरते नियम, करता येतात. त्यांना नागरिकांच्या हरकती ऐकून राज्य शासनाची मंजुरी घ्यावी लागते. टपरीच्या बाजूनेही आधार आहे: सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकण्यास मनाई केली. ही मनाई पाळली जात नाही, हे उघड गुपित आहे. पण काठावरच्या थोटकांचे मूळ या सुट्या विक्रीतच आहे, कारण एक सिगारेट घेणारा ती तेथेच पेटवतो आणि तेथेच टाकतो. म्हणून अंमलबजावणीची सुरुवात ओढणाऱ्यापासून न करता विकणाऱ्यापासून करणे अधिक न्याय्य आणि अधिक परिणामकारक ठरेल.

असे नियम लोक पाळत नाहीत, हा आक्षेप कोल्हापूरच्याच अनुभवाने खोडून काढला आहे. गणेशविसर्जन ही भावनेशी निगडित गोष्ट. तरीही मूर्तिदान, निर्माल्यदान, घाटावर ठेवलेल्या काहिली, कृत्रिम कुंडे आणि इराणी खण यांच्या साहाय्याने या शहराने नदीवरचा भार कमी करण्याची सवय अनेक वर्षांत लावून घेतली. त्यात तरुण मंडळे, महिला बचत गट, शाळा आणि महापालिकेचे कर्मचारी यांनी घाटावर उभे राहून लोकांना समजावले. श्रद्धेच्या बाबतीत ज्या शहराने इतकी समजूत दाखवली, त्याला एका झुरक्यासाठी पाण्यापासून शंभर पावले दूर जायला सांगणे कठीण नाही.

कोल्हापूर महानगरपालिकेने रंकाळ्याचा संपूर्ण काठ आणि पंचगंगेचा घाट धूम्रपान व थुंकणे यांपासून मुक्त ठरवणारा उपविधी करावा, काठालगतच्या टपऱ्यांवर सुट्या विक्रीची मनाई आधी लागू करावी, आणि राज्य शासनाने सिगारेटचा फिल्टर एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या यादीत घालण्याची शिफारस केंद्राकडे करावी. त्यासाठी लागणारे अधिकार आजही उपलब्ध आहेत. ते वापरण्याची मागणी नागरिकांनी आपल्या प्रभागातून, लेखी, करायची आहे.